बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपलीकडे : फिलिपिनो मुळांचा शोध आणि कथनाची वाट

फिलिपीन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा आणि दीडशेहून अधिक भाषांचा देश १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनच्या आणि त्यानंतर जवळजवळ अर्धशतक अमेरिकेच्या अमलाखाली राहिला, आणि या दोन राजवटींनी जमीन, धर्म, शाळा व भाषा यांच्याबरोबर माणसाचे आपल्या पूर्वजांशी असलेले नातेही बदलून टाकले. बहुसंख्य फिलिपिनो कुटुंबे आपला वंश मागे शोधू लागली की तो गावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपाशी येऊन थांबतो. तिच्या अलीकडे नाव, तारीख आणि धर्मपित्याची नोंद सापडते, आणि पलीकडे सापडते ते परकीय पाद्र्यांनी लिहिलेले वर्णन, नाही तर घरात कुणीतरी कधीतरी सांगितलेली गोष्ट. या पलीकडच्या भागाशी पुन्हा नाते जोडण्याचा प्रयत्न गेल्या पन्नास वर्षांत फिलिपीन्समध्ये आणि जगभर विखुरलेल्या फिलिपिनो समाजात जोमाने सुरू आहे. कौटुंबिक आणि वैयक्तिक कथन हे त्याचे मुख्य साधन असून त्या कथनाची ओळख मराठी वाचकाला करून देणे हा प्रस्तुत संग्रहाचा हेतू आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने ‘मूळ’ या कल्पनेबद्दलचा एक गुंता आरंभीच समजून घेतलेला बरा. लुझोन बेटावरील कोर्दिलेरा पर्वतरांगांतील इफुगाव, कालिंगा, बोंतोक आदी लोक, ज्यांना एकत्रितपणे इगोरोत म्हटले जाते, मिंदोरो बेटावरील मांग्यान, मिंदानावमधील बिगर-मुस्लिम जमाती, ज्यांनी १९८६ मध्ये आपल्यासाठी ‘लुमाद’ हे सामायिक नाव स्वीकारले, आणि अनेक बेटांवरील आएता हे समाज स्पॅनिश सत्तेच्या कह्यात पूर्णपणे कधी गेले नाहीत, आणि आजच्या कायद्याच्या परिभाषेत तेच ‘आदिवासी लोक’ ठरतात. याउलट तागालोग, विसाया, इलोकानो, बिकोलानो हे सखल प्रदेशातले, कॅथलिक झालेले बहुसंख्य लोक याच भूमीचे असूनही स्वतःला आदिवासी म्हणवत नाहीत, किंबहुना कित्येक पिढ्या त्यांनी डोंगरातल्या लोकांना मागासलेले मानले. मुळांचा शोध घेणारे लेखन आज प्रामुख्याने या दुसऱ्या गटातून होत आहे, पण ज्या विधींकडे, गोंदणांकडे आणि महाकाव्यांकडे ते ओढले जाते त्यांतील बरेचसे पहिल्या गटाने जपलेले आहे. या क्षेत्रातील बहुतेक सगळे वाद याच विसंगतीतून उपजतात.

बहुसंख्यांची स्मृती इतकी तुटण्याला काही ठोस प्रशासकीय कारणे आहेत, आणि त्यांतले एक जवळून पाहण्यासारखे आहे. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी काढलेल्या आदेशान्वये फिलिपीन्समधील प्रत्येक कुटुंबाला कायम आडनाव घेणे भाग पडले. त्यासाठी सुमारे साठ हजार नावांची वर्णानुक्रमे छापलेली यादी तयार करण्यात आली, तिची पाने प्रांतोप्रांती वाटली गेली, आणि गावच्या अधिकाऱ्याने कुटुंबप्रमुखांकडून आपल्या वाट्याला आलेल्या पानांतून नावे निवडून घेतली. परिणामी बिकोल भागात गावेच्या गावे एकाच आद्याक्षराची आडनावे लावू लागली; आल्बाय प्रांतातील ओआस गावची जुनी घराणी ‘आर’ अक्षराच्या आडनावांवरून आजही ओळखू येतात. चार पिढ्या एकच आडनाव चालत आलेल्या कुटुंबांना ते ठेवण्याची मुभा होती, परंतु ज्या समाजात आडनावाची पद्धतच नव्हती, तिथे थोड्यांनाच ती उपयोगी पडली. करवसुली आणि जनगणना सोपी व्हावी हा या आदेशाचा उद्देश होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही, मात्र त्यामुळे १८४९ च्या अलीकडचे आडनाव वंश सांगत नाही, फार तर गाव सांगते. आपले स्पॅनिश आडनाव पाहून आपला कुणी पूर्वज स्पॅनिश असणार अशी समजूत करून घेतलेल्या अनेक फिलिपिनो कुटुंबांना या आदेशाची माहिती होते तेव्हा त्यांच्या घरच्या इतिहासाची नव्याने मांडणी करावी लागते, आणि या संग्रहातील कथनांत असे प्रसंग पुन्हापुन्हा येतात.

चर्च आणि कर यांनी जे सुरू केले ते अमेरिकन शाळेने पुढे नेले. १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपीन्स अमेरिकेच्या स्वाधीन केले. त्यानंतरच्या युद्धात स्वतंत्र प्रजासत्ताक चिरडले गेले, आणि १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून आलेल्या शिक्षकांपासून इंग्रजी माध्यमाच्या सार्वत्रिक शिक्षणाचा विस्तार झाला. १९०४ मध्ये सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनो माणसे नेण्यात आली, त्यांपैकी इगोरोत व इतर डोंगरी लोकांना त्यांच्या झोपड्यांसह प्रेक्षकांसमोर ‘रानटी’ म्हणून मांडण्यात आले, तर गणवेशातली फिलिपिनो पोलीस पलटण अमेरिकेच्या सुसंस्कारांचा पुरावा म्हणून शेजारीच उभी करण्यात आली. पूर्वज म्हणजे लाज आणि सुधारणा म्हणजे त्यांच्यापासूनचे अंतर, हा धडा अशा दृश्यांतून आणि वर्गातल्या पुस्तकांतून दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडला. इतिहासकार रेनातो कॉन्स्तांतिनो यांनी १९६६ मध्ये फिलिपिनो माणसाच्या ‘चुकीच्या शिक्षणा’वर प्रसिद्ध केलेला निबंध आजही वाचला जातो तो या सवयीची कारणे त्यांनी नेमकी उलगडली म्हणून.

पूर्वजांचा शोध वसाहतकाळातच सुरू झाला होता. इसाबेलो दे लोस रेयेस या तरुण इलोकानो पत्रकाराने गोळा केलेल्या लोकसाहित्याला १८८७ च्या माद्रिद प्रदर्शनात गौरव मिळाला आणि १८८९ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात त्याने स्वतःला जंगलातल्या लोकांचा भाऊ म्हणवून घेतले, जे त्या काळच्या सुशिक्षित सखल प्रदेशीयाच्या तोंडी धाडसाचे होते. होसे रिसाल यांनी १८९० मध्ये पॅरिसला आंतोनिओ दे मोर्गा यांचा १६०९ चा इतिहास सविस्तर टिपांसह पुन्हा छापला आणि स्पॅनिशांच्या आधी या बेटांवर व्यापार, कारागिरी व व्यवस्था होती हे स्पॅनिशांच्याच लेखनातून दाखवण्याचा प्रयत्न केला. शत्रूच्या दप्तरातून पूर्वज शोधण्याची ही रीत पुढे विल्यम हेन्री स्कॉट यांनी शिस्तीत बसवली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि आयुष्याचा मोठा भाग कोर्दिलेरातील सगादा येथे घालवलेल्या या इतिहासकाराचे म्हणणे असे की स्पॅनिश कागदांचा पडदा कितीही जाड असला तरी त्याला फटी आहेत आणि त्यांतून सामान्य फिलिपिनो माणूस दिसतो; १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘बारांगाय’ हा सोळाव्या शतकातील समाजावरचा ग्रंथ या पद्धतीचे फळ आहे.

याच स्कॉट यांनी या क्षेत्राला दिलेला दुसरा धडा प्रत्येक नव्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. १९१४ मध्ये होसे मार्को नावाच्या संग्राहकाने मनिलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला काही हस्तलिखिते दिली, त्यांत १४३३ सालची म्हणून सांगितलेली ‘कालांतियाव संहिता’ होती, म्हणजे पानाय बेटावरच्या एका प्राचीन सरदाराची कायद्यांची यादी. परकीय येण्याआधी आपल्याकडेही लिखित कायदा होता, या आनंदात ती पाठ्यपुस्तकांत गेली, तिच्यावरून इमारतींना आणि सन्मानांना नावे दिली गेली. स्कॉट यांनी १९६८ मध्ये आपल्या प्रबंधात ती बनावट असल्याचे सिद्ध केले, तरी राष्ट्रीय इतिहास संस्थेने तसे औपचारिकरीत्या जाहीर करायला २००४ साल उजाडले. नव्वद वर्षे टिकलेल्या या बनावटीत मार्कोच्या कसबाइतकाच लोकांच्या भुकेचाही वाटा होता, आणि ती भूक खरी होती. मुळांचा शोध घेणाऱ्याला ही भूक लाज वाटण्यासारखी नाही, पण तिच्याच हाती परीक्षा सोपवली की खोटे पूर्वज घरात येतात.

खरे पूर्वज किती साध्या रूपात भेटतात याचे एक उदाहरण मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. १९८९ मध्ये लागुना प्रांतात लुंबान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना एक ताम्रपट सापडला. मांग्यान लोकांमध्ये राहून त्यांच्या लिपीचा अभ्यास करणारे अंतून पोस्तमा यांनी तो वाचला. जावातील प्राचीन कावी लिपीत, जुन्या मलय भाषेत आणि संस्कृत व जावानीज शब्दांच्या मिश्रणात लिहिलेल्या त्या दहा ओळींची सुरुवात शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी आहे, म्हणजे इसवी सन ९०० मधील एप्रिल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजही शालिवाहन शक पाहणाऱ्या महाराष्ट्रातील माणसाला या तिथीचे भाषांतर करून द्यावे लागणार नाही. मजकूर मात्र राजाच्या विजयाचा वा देवळाच्या दानाचा नाही. नामवरान नावाच्या माणसाचे सोन्यातले कर्ज फिटल्याची ती पावती आहे, ती त्याची मुलगी आंगकातान आणि तिचा भाऊ बुका यांना दिली गेली आहे, आणि पुढे कुणी या कुटुंबाकडे तगादा लावू नये अशी तिच्यात तरतूद आहे. फिलिपीन्समध्ये सापडलेला सर्वांत जुना दिनांकित लेख एका घरावरचे ओझे उतरल्याची आणि त्याच्या वंशजांना मोकळीक मिळाल्याची हकीगत सांगतो; कौटुंबिक कथनाच्या संग्रहाच्या आरंभी त्याची आठवण होणे साहजिक आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शोधाला विद्यापीठीय चौकट मिळाली. अमेरिकेतून शिकून १९७१ मध्ये परतलेल्या विर्हिलिओ एन्रिकेझ यांनी फिलिपीन्स विद्यापीठात ‘सिकोलोहियांग पिलिपिनो’ म्हणजे फिलिपिनो मानसशास्त्र या प्रवाहाचा पाया घातला. पाश्चात्य चाचण्यांनी फिलिपिनो माणसाला मोजले की तो परावलंबी आणि भिडस्त ठरतो, कारण मोजपट्टीच परक्याची आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी मध्यवर्ती मानलेली संकल्पना ‘कापवा’, म्हणजे समोरच्या माणसात आणि आपल्यात सामायिक असलेले स्वत्व. या प्रवाहाने संशोधनाच्या पद्धतीही बदलल्या. प्रश्नावलीऐवजी गप्पा आणि गोष्टींची देवाणघेवाण ही माहिती मिळवण्याची रीतसर पद्धत ठरली, आणि विचारणारा व सांगणारा यांच्यातील जवळिकीच्या आठ पायऱ्या आखल्या गेल्या, ज्यांत वरवरच्या सौजन्यापासून पूर्ण एकरूपतेपर्यंतचा प्रवास आहे. पाहुणा जोवर परका आहे तोवर त्याला सभ्य उत्तरे मिळतात, खरी गोष्ट नंतर मिळते, हे गावोगावच्या संशोधकांना ठाऊक असलेले सत्य त्यामुळे शास्त्राच्या भाषेत आले. आजच्या कौटुंबिक कथनलेखनाचा कणा हाच आहे.

इतिहासाच्या बाजूने झेउस सालासार यांनी ‘पांतायोंग पानानाव’ हा दृष्टिकोन मांडला. फिलिपिनोंनी फिलिपिनोंशी, स्वतःच्या भाषेत, परकीय वाचकाला उत्तर देण्याच्या ओझ्याशिवाय आपला इतिहास बोलावा हे त्याचे सार होय. तागालोगवर आधारलेल्या राष्ट्रभाषेत ‘आपण’ म्हटले की विसाया, मुस्लिम मोरो आणि डोंगरी लोक त्यात कितपत येतात, ही त्यावरची टीकाही तितकीच वजनदार आहे. रेनाल्दो इलेतो यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वेगळाच मार्ग घेतला. पवित्र आठवड्यात गायली जाणारी ख्रिस्ताच्या यातनांची तागालोग कथा शेतकऱ्यांनी कशी ऐकली आणि तिच्यातून बंडाचा अर्थ कसा काढला, हे त्यांनी दाखवले. हा मुद्दा या क्षेत्राच्या मर्माशी आहे, कारण मुळे म्हणजे केवळ १५२१ मध्ये स्पॅनिश लोक पहिल्यांदा येण्याच्या आधीचे काही, असे धरले तर चारशे वर्षांत आजी-पणजींनी चर्चच्या आत राहून जे जपले ते सगळे परके ठरते. इलोकानो घरांत मृतांसाठी मांडला जाणारा ‘आतांग’ घ्यावा: भात, चिकट तांदळाचे गोड पदार्थ, उकडलेले अंडे, थोडी दारू, विडीचा तंबाखू, विड्याचे पान आणि सुपारी असे ताट, बहुधा क्रूस किंवा संतांच्या तसबिरीशेजारी, आणि घरातल्यांनी जेवण्याआधी. यातले ख्रिस्ती किती आणि आधीचे किती याची वाटणी ताट मांडणाऱ्या बाईने कधी केलेली नाही, आणि तिच्या नातवंडांनी ती घाईने करू नये असे या संग्रहाच्या संपादनामागचे ठाम मत आहे.

तिसरा मोठा प्रवाह परदेशी वसलेल्या फिलिपिनोंचा. १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर, नंतर कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि अलास्काच्या मासळी कारखान्यांत गेलेले मजूर, १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या परिचारिका व डॉक्टर, आणि १९७० च्या दशकापासून सरकारी धोरणाने आखाती देशांत व जहाजांवर पाठवले गेलेले कामगार यांपैकी अनेकांच्या परदेशी वाढलेल्या मुलांना घरात भाषा मिळाली नाही, कारण उच्चारावरून हिणवले जाऊ नये म्हणून आईबापांनी ती मुद्दामच दिली नाही. कार्लोस बुलोसान यांनी १९४६ मध्ये आत्मकथनात्मक कादंबरीतून मजुरांचे जग लिहिले, तर १९८२ मध्ये सिएटल येथे स्थापन झालेल्या फिलिपिनो अमेरिकन राष्ट्रीय इतिहास संस्थेने ज्येष्ठांच्या मुलाखती आणि घरगुती छायाचित्रे जमवण्याचे काम हाती घेतले. लेनी मेंडोझा स्ट्रोबेल यांच्या २००१ च्या ग्रंथाने एन्रिकेझ यांचे विचार परदेशी वाढलेल्या पिढीच्या अनुभवाशी जोडले आणि २०१० मध्ये त्यांनी संपादित केलेल्या संग्रहाने ‘बाबायलान’ हे नाव या चळवळीच्या मध्यभागी आणले. बाबायलान म्हणजे विसाया समाजातील विधी करणारी, रोग बरे करणारी, मृतांशी बोलणारी व्यक्ती, बहुधा स्त्री आणि कधीकधी स्त्रीवेषात जगणारा पुरुष. पाद्र्यांनी तिला सैतानाची हस्तक ठरवले, आणि १६२१ मधील बोहोल बेटावरील तांब्लोतच्या बंडासारख्या उठावांचे नेतृत्व अशाच विधिकर्त्यांनी केले.

या प्रवाहाने अनेकांना घराची वाट दाखवली, पण त्याच्याविरुद्धचा आक्षेपही तितकाच गंभीरपणे ऐकायला हवा. कालिंगातील बुस्कालान गावच्या व्हांग-ओद या वृद्ध गोंदणकार स्त्रीचे नाव २०२३ मध्ये एका फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर पोचले, आणि जगभरचे फिलिपिनो तिच्या हातचे गोंदण घेण्यासाठी डोंगर चढून जातात. परंतु कालिंगात ही चिन्हे पराक्रम, वय आणि कुळ यांच्याशी बांधलेली होती, आणि तागालोग वा विसाया कुटुंबातील परदेशस्थ नातवंडाचे ते कुळ नव्हे. ज्या पन्नास वर्षांत मुळांचा हा शोध वाढला त्याच काळात कालिंगा आणि बोंतोक लोक चिको नदीवरील धरणांविरुद्ध लढले, त्या लढ्यात कालिंगा नेते माक्लिइंग दुलाग यांची २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी हत्या केली, आणि आज सिएरा माद्रेतील दुमागात-रेमोंतादो लोक कालिवा धरणाविरुद्ध उभे आहेत. १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्याने वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क आणि कोणत्याही प्रकल्पासाठी पूर्वसूचित मुक्त संमतीची अट मान्य केली खरी, पण ती प्रत्यक्षात कशी मिळवली जाते यावरच बहुतेक संघर्ष आहेत. ज्या लोकांच्या विधीत एखाद्याला आपले मूळ सापडते त्यांच्या जमिनीबद्दल त्याला काहीच म्हणायचे नसेल, तर त्याने पूर्वज शोधले नाहीत, जिवंत शेजाऱ्याला भूतकाळात ढकलले आहे. प्रस्तुत संग्रहाची निवड याच निकषावर झालेली आहे.

मौखिक महाकाव्यांची परंपरा हे या जिवंतपणाचे सर्वांत समृद्ध रूप आहे. इफुगाव लोकांचे ‘हुधुद’ भाताच्या पेरणीत व कापणीत आणि मृताच्या जागरणात गायले जाते. दोनशेहून अधिक गाणी, प्रत्येकाचे सुमारे चाळीस भाग, सगळ्यांना एकच चाल, आणि पूर्ण गायनाला तीन-चार दिवस. मुख्य गायिका बहुधा वयस्क स्त्री असते, ती ओळ सुरू करते आणि इतर बायका ती उचलून पुरी करतात, हात कणसांवर चालू असतानाच. युनेस्कोने २००१ मध्ये त्याची दखल घेतली, तोवर यंत्रांनी कापणीचे दिवस कमी केले होते आणि गाण्याचा वेळच आटला होता. मिंदानावमधील मुस्लिम मारानाव लोकांचे ‘दारांगेन’ बहात्तर हजार ओळींचे आहे. त्याच समाजात रामकथेचे एक रूप ‘महारादिया लावाना’ या नावाने रुजलेले असून हुआन फ्रान्सिस्को यांनी ते अभ्यासकांसमोर आणले. पानाय बेटाच्या डोंगरांत महाकाव्ये मुख्यतः ‘बिनुकोत’ मुलींनी, म्हणजे लहानपणापासून घरात एकांतात वाढवलेल्या मुलींनी जपली, आणि लांदा होकानो यांनी १९५० च्या दशकात तेथील ‘हिनिलावोद’ ध्वनिमुद्रित केले. मिंदानावमधील मुस्लिम घराण्यांनी ‘तार्सिला’ नावाच्या लिखित वंशावळी ठेवल्या, म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपाशी थांबण्याची अडचण त्यांना नाही.

या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर संग्रहातील कथने वाचावीत अशी अपेक्षा आहे. कुटुंबाची गोष्ट जिथे कागदाशी जुळत नाही तिथे दोन्ही शेजारी ठेवली आहेत, आणि गोष्ट चुकीची ठरते तिथेही ती का सांगितली गेली हा प्रश्न जागता ठेवला आहे, कारण स्पॅनिश पणजोबाची कल्पित कथा त्या घराला कशाची भीती वाटत होती हे कोणत्याही नोंदवहीपेक्षा स्पष्ट सांगते. मौन हाही पुरावा मानला आहे: दुसऱ्या महायुद्धातील जपानी ताब्याच्या वर्षांविषयी न बोललेली आजी, गावाचे नाव टाळणारा आजोबा. विधींत म्हटले जाणारे मंत्र आणि उपचारांचे तपशील मात्र समाविष्ट केलेले नाहीत, कारण ते छापण्याची परवानगी सांगणाऱ्या एका व्यक्तीची नसून त्या समाजाची असते. व्यक्ती, गाव आणि नद्या यांची नावे स्थानिक उच्चाराला धरून दिली आहेत, आणि नात्यांची संबोधने, ‘लोला’ म्हणजे आजी व ‘आपो’ म्हणजे आजी-आजोबा किंवा कोणतेही वडीलधारे माणूस, मूळ रूपातच ठेवली आहेत. कथनांचा क्रम बेटांनुसार किंवा काळानुसार लावलेला नाही. जी कथा तिच्या सांगणाऱ्याला जिथवर घेऊन गेली तिथे ती थांबते, आणि काही कथा आपल्या गावापर्यंत पोचतच नाहीत.